खांदा बघणारे केळुसकरकाका

केळुसकरकाका माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी उजवा खांदा बघतात. इचिकावा स्टेशनवर रांगेत उभे असले की पुढच्या प्रत्येक पन्नाशी-साठीच्या माणसाचा खांदा ते शिंप्यासारखा तपासतात. उजवा डाव्यापेक्षा बोटभर खाली दिसला की पुटपुटतात, "पिचर. बेसबॉलचा. पंधरा वर्षं तरी फेकलंय गड्याने."

"आणि डावखुरा असला तर?" मी एकदा विचारलं.

"मग डावा बघायचा. त्यात काय?"

खात्री पटली की काका पिशवीतून शिकिशी काढतात. शिकिशी म्हणजे सोनेरी काठाचा चौकोनी पुठ्ठा; जपानात हौसेने सही घ्यायची ती यावर. काकांचं जपानी ऑफिसच्या ईमेलमधून आलेलं. त्यामुळे रस्त्यात गाठलेल्या माणसाला ते म्हणतात, "आपल्या बहुमूल्य वेळेत व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी. आपल्या खांद्याबाबत एक चौकशी होती." तरीही आजवर कोणी पोलिसांना बोलावलेलं नाही.

खेळत असलेल्या खेळाडूची सही त्यांना फुकट दिली तरी नको असते. "त्याच्याकडे मागणारे शंभर आहेत. थांबलेल्याकडे मागावं." त्यामुळे त्यांच्या भिंतीवर एकही मोठं नाव नाही. तिथे आहेत ते दोन मोसम खेळून आता नूडल्सचं दुकान चालवणारे, विमा विकणारे, गाडी शिकवणारे.

आणि एक मासेवाला. आमच्या सुपरमार्केटमधल्या या मासेवाल्याच्या खांद्यावर काकांनी तीन आठवडे पाळत ठेवली, त्यापायी गरज नसताना बांगडे खाल्ले. शेवटी विचारलं तर कळलं, खांदा बर्फाची खोकी उचलून उतरलाय; बेसबॉल त्याने टीव्हीवरसुद्धा धड पाहिलेलं नाही. काकांनी तरीही त्याची सही घेतली.

"कशाला?" मी म्हटलं.

"पुठ्ठा बाहेर काढला होता ना मी. परत कसा ठेवणार? हात पुसून आला बिचारा."

सही करण्याआधी प्रत्येकजण एक प्रश्न विचारतो: नाव कोणाचं घालू? इथे ती रीतच आहे. काका आपलं नाव सांगतात, सही झाली की वाकून आभार मानतात आणि मग स्वतःचा एक प्रश्न विचारतात. "शेवटचा सामना संपवून घरी गेलात, तेव्हा काय जेवलात?"

उत्तर ते पुठ्ठ्यामागे मराठीत लिहून ठेवतात. मी सगळी वाचली आहेत. 'कन्बिनी दुकानातले दोन भाताचे गोळे, ओनिगिरी, गाडीतच.' 'बायकोने करी केली होती, रोजचीच.' 'आठवत नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, काही नाही.'

मला हे वाचून संताप येई. "वापरून फेकलेली माणसं आहेत ही, काका. यावर काहीतरी बोला."

"अगं, ते तसं सांगतच नाहीत. ते जेवण सांगतात."

माझा संताप उगाच नव्हता. काका आणि मी एकाच इमारतीत राहतो आणि एकाच एजन्सीमार्फत कंत्राटावर काम करतो. मी प्रोग्रॅम लिहिते, ते इतरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतात. पन्नाशी ओलांडलेल्यांची कंत्राटं ही एजन्सी एकही शब्द न सांगता संपवते. निदान कारण तरी लेखी द्या, असा अर्ज मी जपानीत तयार केला आणि दारोदार सह्या गोळा करू लागले. काका चोपन्न वर्षांचे. पहिली सही त्यांची असायला हवी होती.

"मी सह्या घेणारा, देणारा नव्हे," ते म्हणाले.

"भिता तुम्ही."

"भितो. मार्चमध्ये रिन्यूअल आहे. तुझी काकू तिकडे पुण्यात आईचं आजारपण काढतेय. तुझं काय जातंय?"

मी त्यांना भित्रट म्हणाले आणि दार आपटून वर गेले. मग महिनाभर आम्ही जिन्यात भेटलो तर फक्त हवेबद्दल बोललो.

मार्चअखेरच्या संध्याकाळी मी खाली सायकल लावत होते. काका स्टेशनकडून आले. काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं.

"बॅग कुठंय?"

"लॅपटॉप परत केला."

"म्हणजे रिन्यू नाही झालं? कारण काय दिलं?"

"नाही दिलं."

"मागितलंत?"

ते नुसते हसले. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं, मथळ्यासकट. तेवढ्यात ते जिन्याकडे वळले आणि मला त्यांचा उजवा खांदा दिसला. डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. अकरा वर्षं लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर. आज बॅग नव्हती, खांदा तसाच होता.

"काका, इथेच थांबा. पाच मिनिटं," म्हणून मी सायकल पुन्हा काढली.

शंभर येनच्या दुकानातून परत आले तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"सही हवी होती," मी म्हटलं.

"आता त्या अर्जावर माझ्या सहीचा काय उपयोग..."

"अर्ज नाही." मी शिकिशी पुढे केली.

त्यांनी दोन्ही तळवे पँटवर पुसले. मार्कर हातात घेतला, टोपण काढलं, परत लावलं.

"नाव कोणाचं घालू?" त्यांनी विचारलं.

"माझं."

त्यांनी मराठीत सही केली, खाली रेघ मारली, फुंकर घालून वाळवली आणि दोन्ही हातांनी पुठ्ठा मला दिला. मी वाकून आभार मानले. मग विचारलं, "शेवटचा दिवस संपवून घरी गेलात, तेव्हा काय जेवलात?"



"अजून घरी गेलोच नाही ना," ते म्हणाले.

"मग वर चला. पिठलं करतेय."

पिठलं होईपर्यंत त्यांनी माझा अर्ज मागून घेतला. त्यातल्या जपानीत तीन चुका काढल्या, एका वाक्यावर "हे उद्धट आहे" असं लिहिलं, मग चौकटीत नीट सही केली.

ते गेल्यावर मी शिकिशी उलटी केली. मागे मी जेवतानाच लिहिलं होतं: 'पिठलं-भात.' खाली त्यांच्या अक्षरात भर होती: 'मीठ जास्त. दोनदा घेतलं.'