दणकट्याची सात गाठींची भाकरी

बाळांनो, एका जंगलात मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला सकाळी दाट धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. तळ्याकाठी बदकांची वाडी होती. वाडीत अकरा बदकं होती आणि राखणीला दणकट्या नावाचा कुत्रा होता.

दणकट्या अख्खी भाकरी तीन घासांत गिळायचा. मग उचक्या द्यायचा, कधी ओकायचा, आणि उरलेला दिवस कोल्ह्याच्या वाटेकडे बघत बसायचा.

वाडीची थोरली सुंद्राबाई काळजीत पडली. कुत्रं आजारी पडलं, तर राखण कोण करणार? तिनं काटेगुरुजींना बोलावलं. गुरुजी जातीचे साळिंदर. प्राण्यांच्या मनाचे मोठे जाणकार. तसं ते स्वतःच सांगत.

"बाई, याच्या पोटाला भाकरी मिळते. मेंदूला काय मिळतं?"

"मेंदूपर्यंत उरतच नाही हो काही."

"दिवसभर एकाच वाटेकडे बघायचं! मेंदू गंजेल नाहीतर काय?"

गुरुजींनी सात खळग्यांचं आपेपात्र आणलं. खळग्याखळग्यात भाकरीचा तुकडा टाकला, वर दगड ठेवला. पात्र गोधडीत गुंडाळून गोधडीला सात गाठी मारल्या. गाठ नाकानं सोडायची, दगड सरकवायचा, तुकडा बत्तीस वेळा चावायचा.

"आणि तो जेवताना कुणी आवाज करायचा नाही. दचकला, की केलेलं सगळं वाया!"

पहिल्या दिवशी दणकट्यानं गुरुजींकडे असं पाहिलं, की गुरुजींचे काटे उभे राहिले. पण हळूहळू त्याला गोडी लागली. चौथ्या दिवशी उचकी थांबली. जेवण सकाळी सुरू होऊन दिवेलागणीला संपू लागलं. वाडीत कौतुक मावेना.

नवव्या दिवशी, पौर्णिमेला, कोल्हा आला. दणकट्या चौथ्या गाठीवर होता.

"मावशी, कोल्हा!" धाकटी चिंगी किंचाळणार, तोच सुंद्राबाईनं तिच्या चोचीवर पंख ठेवला.

"दिसतोय मला. हळू बोल. चौथीवर आलाय तो."

कोल्ह्यानं गंगूआत्याची तंगडी धरली.

"अहो, जरा बेतानं ओढा," आत्या कुजबुजली. "पाचोळा वाजतोय."

कोल्हा ओशाळला. त्यानं आत्याला अलगद उचलून नेलं.

सुंद्राबाई गुरुजींजवळ सरकली. "गुरुजी, एकच हाक मारू का त्याला?"

"नऊ दिवसांची मेहनत पाण्यात घालायची असेल, तर खुशाल मारा."

तिनं दणकट्याकडे पाहिलं. शेपटी स्थिर. चेहऱ्यावर कधी नव्हे ती शांती. तिनं हाक गिळली.

मग कोल्हा रोज जेवणाच्या वेळेला येऊ लागला. वाडीत शिरताना तोही चवड्यांवर चालू लागला.

"मावशी, आज माझा नंबर वाटतं," एके दिवशी चिंगी म्हणाली.

"जाताना त्या वाळक्या फांदीवर पाय देऊ नकोस हं, बाळ."

वद्य दशमीला आकाश निरभ्र होतं. वाडीत सुंद्राबाई एकटी उरली होती. कोल्हा समोर उभा राहिला. दणकट्या दहा पावलांवर सहाव्या गाठीशी झटत होता. आता तिला गप्प करायला कुणी नव्हतं. तिनं चोच उघडली. मग स्वतःच तिच्यावर पंख ठेवला.

सूर्यास्ताला दणकट्यानं सातवी गाठ सोडली. तुकडा बत्तीस वेळा चावला. उचकी नाही. ओकारी नाही. वाडीत बदकं शून्य.

तात्पर्य : शिस्त लावली, तर कुत्रंही शांतपणे जेवतं, घरचे तेवढे समजूतदार हवेत.