नरकासुराची कोशिंबीर

खरेदी कशी करावी हे शिकायचं असेल तर अख्ख्या विरारने माझ्याकडे यावं! मी छत्री डिसेंबरात घेतो आणि स्वेटर मे महिन्यात. मला लांबून येताना बघितलं की दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात. माझी बायको सुमन म्हणते, ती त्यांची जेवायची वेळ असते. असू दे!

यंदा ठरवलं, दिवाळीची खरेदी कोजागिरीच्या आधीच उरकायची. श्रीगणेशा कारिटापासून! नरकचतुर्दशीला नरकासुर समजून पायाच्या अंगठ्याखाली फोडतात ना, तेच ते कडूजहर पिटुकलं फळ. आदल्या दिवशी स्टेशनबाहेर त्याचा भाव असा चढतो, की खुद्द नरकासुराची छाती फुगावी.

माझ्या ऑफिसातल्या जेम्सची नंदाखालला वाडी आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "अरे प्रल्हाद, पिशवी कसली आणतोस, गोणी आण! कुंपणावर नुसती लोळतायत. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत!"

फुकट म्हटल्यावर मी थांबतो होय? गोणी भरून आणली. दिवाळीपर्यंत टिकावीत म्हणून मूठभर फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवली, बाकीची बाल्कनीत. आणि घरात कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

कोजागिरीच्या संध्याकाळी पाहुणे होते. आमच्या लेकीने, क्षितिजाने, सुमेधला स्वतःच पसंत केलं होतं. आता त्याचे आईवडील आम्हाला पसंत करायला येणार होते. सुमेधचे वडील काशिनाथराव म्हणजे बँकेतले रिटायर्ड मॅनेजर आणि पूर्वेकडच्या हास्यक्लबचे अध्यक्ष. आई मीराताई. त्या संध्याकाळभर जेमतेम चार वाक्यं बोलल्या.

पानं वाढली. काशिनाथरावांनी कोशिंबिरीचा भलामोठा घास घेतला आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

मला वाटलं, मिरची लागली. मी फुशारकीने म्हणालो, "घ्या, घ्या! सगळं ताजं आहे, थेट वाडीतलं. आमच्याकडे बाजारचं चालतच नाही!"

मग मी घास घेतला. जीभ घशातून पळून जायला बघू लागली. कारीट!

मी "मीठ आणतो" म्हणून स्वयंपाकघरात धावलो.

"क्षितिजा, कोशिंबीर कशाची केलीस?"

"फ्रिजमध्ये बेबी काकड्या होत्या ना, बाबा. किती क्यूट होत्या!"

"अगं, तो नरकासुर होता!"

सुमनने कपाळावर हात मारला. "व्याह्यांना राक्षस चिरून घातलात! आता लग्न मोडलंच समजा. जा, खरं सांगा त्यांना!"

मी खरं सांगायच्या तयारीने बाहेर आलो. तर काशिनाथरावांची वाटी रिकामी!

"प्रल्हादराव, हा कुठला वाण?"

"गा... गावठी," मी म्हणालो.

"वाटलंच! इतकं कडू म्हणजे औषधीच असणार. शुगरला उत्तम! अजून वाढा!"

आता सांगा, मुलीच्या सासऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार, की हे गुरं खात नाहीत? मी वाढलं. निघताना त्यांनी पिशवीभर मागून घेतली, तीही दिली.

सकाळी सातला फोन! मी देवाचं नाव घेऊन उचलला.

"प्रल्हादराव, पहाटेपासून पाच वेळा जाऊन आलो!"

"मला माफ करा, काशिनाथराव..."

"माफ कसलं? पंधरा वर्षांत पोट इतकं साफ झालं नव्हतं! क्लबातल्या सगळ्यांना हवंय. किती मिळेल?"

आठ दिवसांत बाल्कनी रिकामी झाली. पूर्वेकडच्या हास्यक्लबात सकाळचं हसणं बंद पडलं. हसताना जोर लावायची कुणाची हिंमत होईना! काशिनाथराव मात्र त्याला 'शरीरशुद्धी सप्ताह' म्हणत होते. मी जेम्सकडे पुन्हा गेलो, तर कुंपण साफ. क्लबातल्या कुणीतरी पत्ता काढून सगळंच उचललं होतं!

शेवटी नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी, खरेदीतला जाणकार, स्टेशनबाहेर कारीट शोधत फिरत होतो. एका बाईच्या टोपलीत दिसली. वाकलो, तर शेजारी मीराताई कारिटं निवडत बसलेल्या!

मी घाईघाईने म्हणालो, "ताई, ते त्या दिवशी..."

"मी पहिल्या घासालाच ओळखलं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तीस वर्षं मी यांना काहीतरी सांगतेय. कधी ऐकलंय त्यांनी?" त्या उठल्या. "लग्नाची काळजी करू नका. क्षितिजा आम्हाला पसंत आहे. फक्त स्वयंपाक सुमेध करेल."

त्या गेल्या. सुटलो एकदाचा! मी ऐटीत टोपलीवाल्या बाईला म्हणालो, "मावशी, तीन कारिटं द्या."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"खायला पायजेत का फोडायला?"

"म्हणजे?"

"खायची डबल भावात हायत."

"अहो, टोपली तर एकच आहे!"

"टोपली येकच हाय, पन खानारी मानसं शिकलेली असतात ना, दादा!"