ओळखीशिवाय प्रवेश नाही

मास्तरांच्या रजेचा अर्ज तिसऱ्यांदा साहेबांच्या टेबलावर पडून होता, आणि साहेबांचं म्हणणं तिन्ही वेळा एकच होतं. "मास्तर, तुम्ही गेलात तर इथलं पान हलणार नाही."

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. ते कंपनीचं नेटवर्क सांभाळायचे. पण कोणी साधं 'इंटरनेट का चालत नाही' असं विचारलं तरी ते फळ्यावर आकृती काढून समजावत, म्हणून ऑफिसने त्यांना मास्तर करून टाकलं होतं. पहिल्या दोन वेळा पान खरंच हलणार नाही या भीतीने त्यांनी अर्ज मागे घेतला. या वेळी मात्र बायकोने साफ सांगितलं होतं, "साडेपाचची बस आहे. मी आणि मुलगी बसणार. तुम्ही असलात तर तिसरी सीट भरेल, नसलात तर तिच्यावर बॅगा ठेवीन." हे ती रागावून म्हणाली असती तर मास्तरांना काही वाटलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून ते हादरले होते.

शेवटी साहेबांनी अट घातली. सर्व्हररूममध्ये नवा स्विच बसवा, चार वाजेपर्यंत चालू करून दाखवा, मग चार दिवसांच्या रजेवर सही.

स्विच म्हटल्यावर भिंतीवरचं बटण डोळ्यांपुढे येतं, तसला हा नव्हे. ही एक चपटी पेटी. तिला अठ्ठेचाळीस भोकं. प्रत्येकात एकेक केबल खोचायची, आणि कुणाचा निरोप कुणाकडे न्यायचा ते पेटी बघते. त्यातून हा स्विच कर्मचाऱ्यांच्या कामाचा नव्हता, खोलीच्या स्वतःच्या संसाराचा होता. दार, कॅमेरे, भिंतीवरचा फोन आणि मास्तरांचा लॅपटॉप, एवढंच त्याचं राज्य. बाकी ऑफिस वेगळ्या स्विचवर चालायचं आणि त्याला आज हात लावायचा नव्हता.

सव्वातीनला मास्तर लॅपटॉप उघडून बसले आणि साहेब त्यांच्या पाठीमागे उभे राहिले. पाठीमागे कोणी उभं असलं की मास्तरांना स्वतःचं नावसुद्धा धड टाइप करता येत नसे.

"सुरक्षा आधी," साहेब म्हणाले. "ओळखीच्या यंत्रांशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही, हा नियम लावलात का?"

"आधी ओळखीच्यांची यादी भरतो, मग नियम लावतो."

"यादी काय, पाच मिनिटांत भराल. नियम लावून टाका. तुम्हालाच बस गाठायची आहे ना?"

बसचं नाव काढल्यावर मास्तरांनी नियम लावून टाकला. सेव्ह करायला विसरता म्हणून साहेब नेहमी कटकट करतात, हे आठवून लगेच सेव्हही केला. स्विचने तो इमानेइतबारे पाळला. यादी कोरी होती, म्हणजे त्याच्या ओळखीचं जगात कुणीच नव्हतं. त्याने दाराला ओळखलं नाही, फोनला ओळखलं नाही, आणि ज्या लॅपटॉपवरून हुकूम सुटला होता त्यालाही ओळख दाखवली नाही. दारावरचा हिरवा दिवा लाल झाला.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांचा हात सवयीने फळा शोधू लागला. "आपण दोघे आत कोंडले गेलो," ते म्हणाले.

"मग ते बंद करून पुन्हा चालू करा."

"उपयोग नाही. सेव्ह केलंय. चालू झाला की पुन्हा तोच नियम लावेल."

"आजच कशाला केलंत?"

जुना स्विच परत जोडावा, तर तो साहेबांनी सकाळीच भंगारात धाडला होता. भिंतीवरचा फोन मुका झाला होता आणि त्या पत्र्याच्या भिंतींत मोबाइलला रेंज कधीच नसायची. स्विचशी थेट बोलणारी एक निळी केबल असते. ती जोडली की तो ओळखपाळख विचारत नाही. पण ती बाहेर, मास्तरांच्या ड्रॉवरमध्ये होती. दाराची काच फोडावी असंही साहेबांच्या मनात आलं, पण ती कशानेही फुटणार नाही याची खात्री त्यांनी स्वतःच करून घेतली होती.

यंत्रं तापू नयेत म्हणून खोलीत गारठा असायचा. मास्तर स्वेटर घालूनच येत. साहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होते. दहा मिनिटांत त्यांचे दात वाजायला लागले, तेव्हा स्वेटर आळीपाळीने घालायचा असं ठरलं. मास्तरांची पाळी आली की साहेब स्विचच्या खोक्यातलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक अंगाभोवती गुंडाळून घेत. मग ते जरा हलले तरी फटफट आवाज यायचा.

त्या आवाजाने असेल किंवा योगायोगाने, वॉचमन काचेबाहेर येऊन उभा राहिला. प्लास्टिकमधल्या साहेबांना त्याने सलाम केला. मास्तरांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावलं, 'निळी केबल. माझा ड्रॉवर.' वॉचमन धावत गेला, धावत आला आणि केबल उंच धरून हसला. मग त्याने आपलं कार्ड दाराला दाखवलं. दिवा लालच राहिला. केबल आणि स्विच यांच्यामध्ये बोटभर जाडीची काच होती. तिघेही त्या केबलकडे बघत राहिले.

चार वाजून गेले होते. मास्तरांना रिकामी तिसरी सीट दिसू लागली, तिच्यावर ठेवलेल्या बॅगासुद्धा. "साहेब, सही राहिली," ते पडेल आवाजात म्हणाले.

"मास्तर, इथून जिवंत बाहेर पडू द्या. मग बघू."

एवढ्यात वॉचमनच्या मागून मास्तरांची बायको आली. तिने आत बघितलं. नवरा काकडत उभा, साहेब त्याच्या स्वेटरमध्ये. तिने वॉचमनला काही विचारलं. वॉचमनने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर 'दाराला हात लावू नये, दार आपोआप सरकते' असं लिहिलेलं होतं आणि खाली साहेबांची सही होती. बायकोने पाटी शांतपणे वाचली, दाराच्या कडेला बोटं अडकवली आणि दार बाजूला ओढलं. ते गुमान सरकलं.

"ओढून बघितलं नव्हतं का कुणी?" तिने विचारलं.

कुणीच बघितलं नव्हतं. स्विचकडून येणारा निरोप तुटला की त्या दाराचं कुलूप आपोआप सुटायचं, आगबीग लागली तर आतली माणसं अडकू नयेत म्हणून. तसा कागद फाइलमध्ये होता आणि त्यावर 'वाचले' म्हणून साहेबांचीच सही होती. मास्तरांनी केबल घेतली, स्विचला यादी भरून दिली. दिवा हिरवा झाला, तसा त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की वॉचमनलाही बरं वाटलं.

साहेब मात्र तरातरा आपल्या विभागात गेले. पाऊण तास ते आणि मास्तर दोघेही नव्हते, म्हणजे तिथे हाहाकार उडाला असणार. मास्तर आणि बायको मागोमाग गेले. चाळीस माणसं खाली मान घालून काम करत होती.

"काही अडचण आली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," हेडक्लार्क म्हणाला.

"मला कुणी शोधत होतं?"

"नाही. तुम्ही मीटिंगमध्ये असाल असं वाटलं. आज काम जरा लवकर आटपलं, साहेब."

साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली. पान हलण्याचा विषय कुणी काढला नाही.

जिन्यात मास्तर थांबले. सही खिशात होती, बसला अवकाश होता, मुलगी खाली टॅक्सीत बॅगांजवळ होती. तरी त्यांना थोडं लागलंच होतं. "पाऊण तास आम्ही आत होतो. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

"माझ्या आलं की," बायको म्हणाली. "तीन फोन केले. तुम्ही दुसऱ्या रिंगला उचलता. आज फोन लागलाच नाही, म्हणून आले."

मास्तरांना एकदम मोकळं वाटलं. इतकी वर्षं आपण पान हलवायला चुकीच्या झाडाशी बसलो होतो, असं काहीसं त्यांना वाटून गेलं, पण ते त्यांनी समजावून सांगितलं नाही.

मागून साहेबांची हाक आली. ते हातात बॅग घेऊन जिना उतरत होते. बायकोच्या कपाळाला आठी पडली.

"नाही, नाही, तुमच्याकडे काही काम नाही," साहेब घाईघाईने म्हणाले. "मीपण निघालोय."

"कुठे, साहेब?"

"घरी. या वेळेला कधी गेलो नाही. बघतो, तिथे तरी कुणी मला ओळखतं का."