उघड्यावरचे पाच गुलाब

"माझ्या गुलाबांना पांघरूण लागत नाही!" बागकाम मंडळाच्या सभेत ओरेस्त ह्नात्युकने टेबलावर अशी मूठ आपटली की पेरोगीची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, बशी जागची हलली.

कॅनडातल्या सास्काचेवानात बढाया माराव्यात त्या जूनमध्ये. ओरेस्तने मारली ऑक्टोबरात, थंडी उंबऱ्यावर येऊन उभी असताना! पण त्याचाही इलाज नव्हता. वाचनालयापुढच्या वाफ्यात दरवर्षी दुकानातले गुलाब लावायचे आणि दर मे महिन्यात त्यांच्या वाळक्या काड्या उपटायच्या, हा गावाचा रिवाजच होऊन बसला होता. आता मंडळ म्हणत होतं, पुरे झाले गुलाब, तिथे सिमेंटचा बाक टाकू. म्हणून तर ओरेस्तने मूठ आपटली होती.

"अहो, रुळांच्या कडेला रानगुलाब उणे चाळीसमध्ये उभे असतात. त्यांना कोण दुलई घालतं? माझी रोपं त्यांच्याच बियांची आहेत!"

"ठीक आहे," अध्यक्ष लिल्याबाई थोर्वाल्डसन म्हणाल्या. बाई नियमाच्या पक्क्या. "तुमची रोपं उघड्यावर हिवाळा काढू देत. गवत घालायचं नाही, बर्फ ओढायचं नाही. जगली तर वाफा तुमचा. मेली तर बाक."

रोपं होती पाच, आणि तीही नवसाची. ओरेस्तने रानगुलाबाची लाल फळं फोडून, बिया धुऊन, ओल्या वाळूत कालवून आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत भरल्या होत्या आणि बादली हिवाळाभर फ्रिजमध्ये ठेवली होती. थंडी खाल्ल्याशिवाय या बिया डोळे उघडत नाहीत. पहिल्या वसंतात एकही उगवली नाही. "फेका ती बादली! मला लोणी ठेवायला जागा नाही," बायको स्तेफा करवादली. ओरेस्तने फेकली नाही. दुसऱ्या वर्षी पाच कोंब वर आले, तेव्हा तो गावभर फोन करत सुटला. नातू झाला तेव्हाही त्याने एवढे फोन केले नव्हते.

आणि त्या जानेवारीत बर्फच पडलं नाही! एरवी बर्फाखाली झाडं निवांत झोपतात. या वर्षी नुसती कोरडी, हाडं फोडणारी थंडी. ओरेस्त जेवता जेवता खिडकीबाहेर बघत बसे.

"अहो, सूप निवतंय."

"तिकडे पोरं गारठलीत आणि मी सूप पिऊ?"

शेवटी एका सकाळी, "गाडीच्या इंजिन-हीटरची वायर बघून येतो" असं सांगून, कोटाखाली गवताचं पोतं लपवून तो परसात गेला. आपल्याच श्वासाने चष्म्यावर बर्फाचा थर जमला होता. तशातही त्याला समोर बर्फाचा ढीग दिसला. गावात चमचाभर बर्फ नाही, आणि हा ढीग कुठला? वर त्याच्याच पलंगावरची रजई! म्हणजे स्तेफासुद्धा! त्याने आपलं गवतही वरून पसरलं.

"खाली वाक, कोणी बघेल!" कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारचा एब फ्रीझन, हातात ढकलगाडी. "आइस रिंकच्या मागे खरवडलेलं बर्फ टाकतात, तिथून आणलंय. ही तिसरी खेप."

"एब, ही बेइमानी आहे!"

"मग तुझ्या हातात काय आहे, नाश्ता?"

एवढ्यात स्तेफा आली, दुसरी रजई घेऊन. "झाली वायर बघून?" असं ती म्हणते आहे तोच फाटक वाजलं. दारात साक्षात लिल्याबाई!

ओरेस्तने मान खाली घातली. "हरलो, बाई. टाका बाक."

बाईंनी चौघांवरून नजर फिरवली... म्हणजे तिघांवरून, चौथ्या त्या स्वतःच होत्या. मग गळ्यातला लोकरी मफलर सोडून ढिगावर नीट खोचला. "मी इथे आलेच नाही," त्या म्हणाल्या. "आणि तो बाक मलाही आवडत नाही."

मे महिन्यात ढीग वितळला. ओरेस्तने गवत बाजूला केलं. काड्यांना हिरवे डोळे फुटले होते!

"जगली गं! पण स्तेफा, यांची साल अशी पापुद्र्यासारखी का सुटतेय?"

स्तेफा वाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कारण त्या माझ्या रास्पबेरी आहेत!"

एबने घाईत शेजारच्या वाफ्यावर बर्फ ओतलं होतं, आणि बाकीचे ढीग बघून त्यावर रचत गेले होते. गुलाबांची पाच रोपं दोन पावलांवर हिवाळाभर उघडीच उभी होती, आणि प्रत्येकाच्या अंगावर लालचुटुक अंकुर! ओरेस्त चिखलात गुडघ्यांवर बसला आणि चक्क रडला.

"उघड्यावर जगली! आपण फसवलं नाही कुणाला!"

"फसवणार होतो. जमलं नाही," स्तेफा म्हणाली.

सभेत ओरेस्तने छाती काढून सांगितलं, "गवताची काडीसुद्धा नाही!" टाळ्या पडल्या. बाक रद्द झाला, वाफा गुलाबांना मिळाला.

मागून कोणीतरी विचारलं, "पण एवढ्या थंडीत तुमचा हात आवरला कसा हो?"

ओरेस्तने स्तेफाकडे पाहिलं. स्तेफा छताकडे बघू लागली. एबला ठसका लागला.

लिल्याबाई लगबगीने उठल्या. "पुढच्या महिन्यात ओरेस्तचं भाषण ठेवलंय. विषय: पानं झडलेली झुडपं हिवाळ्यात कशी ओळखावीत."

सगळ्यांत जोरात टाळ्या एबने वाजवल्या.