थरथरती जीप आणि चार थरांचा केक

जीप चार इंच उंच करायची, एवढंच मी ठरवलं होतं. चार इंच! उभा जन्म वर्तमानपत्रात घालवलेल्या, दोन महापौरांना घाम फोडलेल्या माणसाला चार इंच वर जायचा हक्क नाही? आमच्या कॉटनवुड काउंटीत ज्याची जीप जमिनीला टेकलेली, त्याच्याकडे लोक दयेनं बघतात. मी सामान मागवलं, एका रविवारी अंगणात आडवा झालो आणि सगळं स्वतःच्या हातांनी बसवलं. (माझी बायको लॉरीन अधूनमधून खिडकीतून ओरडत होती, “मर्ल, जिवंत आहेस ना?” आमच्या घरात याला प्रेम म्हणतात.)

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं हायवेला लागलो. जीपवाल्यांची एक रीत आहे. समोरून जीप आली की ओळख असो नसो, हात वर करायचा. ताशी साठ मैलांच्या वेगात नदीवरच्या पुलावर पोचतो न पोचतो, तोच समोरून एक पिवळी जीप आली. मी ऐटीत हात उचलला, चाक पुलाच्या सांध्यावर आपटलं आणि स्टिअरिंगला हिवताप भरला. डावी-उजवीकडे असे हिसके, की माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. डॅशबोर्डवर प्लास्टिकची बदकं मांडलेली होती. (अनोळखी जीपवर बदक ठेवून निघून जायचं, ही आमची दुसरी रीत.) ती एकामागून एक लॉरीनच्या मांडीत उड्या मारू लागली. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर थडाथडा उडताना बघून पिवळ्या जीपवाल्याला वाटलं, काय हा मायाळू माणूस! त्यानंही दोन्ही हात हलवले.

वेग उतरला तशी जीप एकदम शांत झाली. जणू काही घडलंच नव्हतं.

“हे काय होतं?” लॉरीननं मांडीतली बदकं गोळा करत विचारलं.

“रस्ता. काउंटीचं रस्ते खातं झोपलंय.”

“आपल्या मागचा ट्रक तर सरळ आला.”

“लॉरीन, मी पत्रकार आहे. गुन्हेगार कोण ते मला वासावरून कळतं.”

“मग ऐक. पुढच्या शनिवारी जत्रेत केकची स्पर्धा आहे. याच रस्त्यानं, याच पुलावरून माझा केक जायचाय. माझी छोटी गाडी तू विकायला लावलीस. वर्षानुवर्षं मी त्या विनिफ्रेडच्या मागे दुसरी येतेय. या वर्षी केकचा एक थर जरी सरकला ना, तर जत्रेतच ही जीप विकून येईन.”

बायकोचा पीचचा चार थरांचा केक आणि माझी जीप, दोन्ही पणाला लागली. मी कामाला लागलो. म्हणजे लिहायला बसलो.

पहिला घणाघात रस्ते खात्यावर. त्यांचा इंजिनिअर आला, पूल तपासला आणि म्हणाला, “पूल ठीक आहे. तुम्ही ठीक आहात ना?” मग मी टायरवाल्या डेलबर्टकडे वळलो, कारण माझी चाकं त्यानं तोलली होती (बॅलन्सिंग म्हणतात त्याला). ‘चाकं तोलणारे की लोकांना लोळवणारे?’ असा मथळा दिला. डेलबर्टनं तो वाचला आणि माझ्या डोळ्यांदेखत चारही चाकं पुन्हा तोलली, फुकट. पूल आला, हिवताप आला. मग आमच्या जीपवाल्या मंडळींनी एकमुखानं सांगितलं, “डँपर बदल!” स्टिअरिंगचे धक्के गिळणारा नळकांड्यासारखा भाग तो. मी सगळ्यात जाडा आणला. त्यानं दोन दिवस धक्के गिळले आणि तिसऱ्या दिवशी सगळे एकदम ओकून टाकले.

शुक्रवार उजाडला. स्वयंपाकघरात केकचे थर निवत होते आणि मी अंगणात तापलो होतो. आता एकच तपासणी उरली होती. इंजिन चालू ठेवून, गाडी जागेवरच उभी करून एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून कुठला सांधा सैल हलतो ते बघायचं. मी खाली शिरायला लागलो, तर लॉरीन पिठाचे हात पुसत बाहेर आली.

“तू वर बस. बोलायचं काम तुझं, बघायचं माझं.”

ती खाली गेली. मी स्टिअरिंग फिरवू लागलो.

“डावीकडे. उजवीकडे. अरे हळू, छपाईला नाही जायचंय!”

“काय दिसतंय?”

“एक जाड आडवी दांडी आहे. तिचं एक टोक खटखट हलतंय.”

“तो ट्रॅक बार. पुढचा अ‍ॅक्सल तोच जागेवर धरून ठेवतो. थोडंफार हलायचंच.”

“मर्ल, याचा बोल्ट मी बोटांनी फिरवतेय.”

मी इंजिन बंद केलं.

त्याचं असं, की तो बोल्ट आधी हातानं बसवायचा आणि जीप चाकांवर उतरवल्यावर मग पान्यानं करकचून आवळायचा. जीप मी उतरवली होती.

“तेवढ्यात तू जेवायला हाक मारलीस,” मी म्हणालो.

“म्हणजे चूक माझ्या हाकेची?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“छापूही नकोस.”

आम्ही दोघांनी लांब पान्याला लोंबकळून तो बोल्ट आवळला.

शनिवारी सकाळी लॉरीननं केकचा खोका दोरीनं बांधला आणि जीपमध्ये मागे ठेवला. “जपून आण. मी पुढे जाते, टेबल मांडायचंय.” ती कोणाबरोबर जाणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. (पत्रकार!)

पूल आला. वेग साठच्याही वर. समोरून जीप आली, मी हात उचलला, सांध्यावर चाक आपटलं आणि… काही नाही. एकही बदक जागचं हललं नाही. माझे डोळे भरून आले. पुढचा रस्ता मी गात कापला. जत्रेच्या तंबूत तो खोका मी तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आणला आणि परीक्षकांसमोर टेबलावर ठेवला. शेजारी एक केक आधीच उभा होता. पीचचा. चार थरांचा. ताठ.

मी दोरी सोडली. खोक्यात लांब पाना होता, पाण्याची बाटली होती आणि दोन हॅम सँडविच.

“वाटेत अडकलास तर उपाशी राहायला नको,” लॉरीन म्हणाली. सँडविचमध्ये मला आवडतं तसं जास्तीचं लोणचंही होतं. आता या बाईवर रागवायचं तरी कसं?

“आणि केक कसा आला?”

“डेलबर्टच्या व्हॅनमधून.”

“त्या डेलबर्टच्या?”

“त्याच. भाडं नको म्हणाला बिचारा. फक्त पेपरात खुलासा हवाय त्याला. पहिल्या पानावर.”

लॉरीन पहिली आली, विनिफ्रेड दुसरी. रविवारच्या अंकात वर केकचा फोटो आणि खाली माझा खुलासा, माझ्या नावानिशी. माझं लिखाण कुणी कापून जपून ठेवल्याचं माझ्या कारकिर्दीतलं ते एकमेव उदाहरण. डेलबर्टनं त्याला काच लावून चाकं तोलायच्या यंत्राच्या वर टांगलंय. जरा वाकडंच लागलंय. परवा मी त्याला तसं बोलूनही दाखवलं.

“असेल,” तो मान वर न करता म्हणाला. “स्क्रू कुणीतरी हातानंच आवळला असेल.”