मुरलेली झुळूक

"हे काय वाजतंय? नळ दुरुस्त करणारा आला का?" बाबांनी बाथरूममधून ओरडून विचारलं.

"वाद्य आहे बाबा! मन शांत करणारं!"

"मग वाजवायचं थांबव. लगेच शांत होईल."

घरात त्याला 'संशोधक' म्हणत, आणि कौतुकानं म्हणत नसत हे त्यालाही कळत होतं. कुणाकडे काही न शिकता, हाताला लागेल त्यातून वाद्यं बनवायची, हा त्याचा उद्योग. पत्र्याच्या ढोलानं शेजारचं बाळ उठवलं. बाटल्यांचा झुलता बाजा बाबांच्या डोक्यात बसला. आता ही 'झुळूक'. शिंप्याकडून आणलेली पुठ्ठ्याची लांब नळी, तिला बाहेरून गोल गोल ठोकलेले खिळे, आणि आत आईच्या डब्यातले मूग. नळी तिरकी केली की मूग खिळ्यांवरून घरंगळणार आणि वारा आल्यासारखं वाटणार. प्रत्यक्षात कुणीतरी खडी ओतल्यासारखं वाटलं. झुळूक कपाटावर गेली, ती काही महिने तिथेच.

मग एक दिवस बाबांनी फर्मान काढलं. "या महिन्यात एक तरी वाद्य विकून दाखव. नाहीतर मुकाट्यानं जावईबापूंच्या धान्याच्या गोदामात कामाला लाग."

ताईच्या नवऱ्याच्या हाताखाली पोती उचलायची! त्यापेक्षा ढोल डोक्यावर मारून घेतलेला बरा. त्यानं घाबरून सगळी वाद्यं खाली काढली. झुळूक तिरकी केली आणि तोंड उघडंच राहिलं. मऊ, हलका, सरसरता आवाज!

"आई, वाद्य मुरलंय गं!"

"लोणचं आहे का ते?"

त्यानं बोलावल्यावर गल्लीत ध्यानाचा क्लास घेणाऱ्या मॅडम ऐकायला घरी आल्या. झुळूक हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले. "अहाहा! वाळलेली पानं सरकतायत जणू! आणि मनगटावर कसली तरी स्पंदनं येतायत..."

चहा घेऊन आलेल्या आईला ती स्पंदनं दिसली. सहा पायांची होती. नळीच्या भोकातून निघून कोपराकडे चालली होती.

"बांगडी किती सुंदर आहे हो तुमची!" म्हणत आईनं ती स्पंदनं टिचकीनं उडवली.

मॅडमनी डोळे उघडले. "मला अशा वीस हव्यात. पण आवाज हाच. जरासुद्धा फरक चालणार नाही."

त्या गेल्यावर तो नाचायच्या बेतात होता.

"बस खाली," आई म्हणाली. "मुगाला भुंगा लागलाय. आतून पोखरून पार पोकळ केलेत, म्हणून हलके वाजतायत."

"पण खिळे मी ठोकलेत ना..."

"खिळे तेव्हाही होते. आठव तो आवाज."

तो आठवून खाली बसला. मग म्हणाला, "म्हणजे वाद्य भुंग्यांनी बनवलं. मी फक्त त्यांना राहायला जागा दिली."

तरी त्यानं ताजे मूग भरून दुसरी नळी करून पाहिली. खडी. मसूर भरले. जाड खडी.

"आई, तुझ्या डब्यांत अजून कुठे भुंगा असेल का?"

"माझ्या डब्यांत?" आईनं अशी नजर टाकली की तो दोन पावलं मागे सरकला. "एक डबा ऊन दाखवायचा राहिला होता, तो तू उचललास. आता शोधूनही सापडणार नाही."

"मग एवढा किडका मूग मिळणार कुठे?"

बाबांनी पेपर खाली केला. हसले आणि फोन त्याच्याकडे सरकवला.

"भाऊजी," तो फोनवर अगदी लाडात येऊन म्हणाला, "तुमच्या गोदामात भुंगा लागलेला मूग असेल ना?"

"हळू बोल रे, समोर गिऱ्हाईक आहे!" भाऊजी कुजबुजले. "आहेत मागच्या बाजूला काही पोती. वैतागलोय. चांगला-किडका वेगळा करायला माणूसच टिकत नाही. तुला जितका हवाय तेवढा किडका ने, फुकट. पण निवडायचा तू, सगळी पोती."

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन गोदामात निघाला तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"काय संशोधक, गोदामात कामाला लागलात म्हणे?"

"छे!" चपला घालता घालता तो म्हणाला. "कारागिरांना भेटायला चाललोय."