असू दे, लागलं तर?

आमच्या कार्यालयाचा प्रॉक्सी सर्व्हर सोमवारी सकाळी, कामावर असतानाच निवर्तला. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी. आत येणारे आणि बाहेर जाणारे सगळे त्याच्या हातून जाते. तो गेल्याने दार बंद झाले आणि कर्मचारी मान वर करून एकमेकांकडे बघू लागले. काहींची ओळखही झाली.

आमचा संगणकवाला मात्र पांढराफटक पडला. त्याची बायको दुसऱ्या शहरात नोकरीला. मुलगी तिच्याजवळ असते आणि बोलायला लागल्यापासून फोनवर बापाला ‘काका’ म्हणते. कित्येक वर्षांनी बदलीचे पोर्टल उघडले होते, ते शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार होते, आणि अर्ज फक्त कार्यालयाच्या इंटरनेटवरूनच भरता येत होता. आस्थापना अधिकारी या नात्याने हा नियम मीच त्याला समजावून सांगितला होता. सांगताना वाईट वाटले, पण नियम तोंडपाठ होता.

“नव्या लिनक्स मशीनवर प्रॉक्सी कम्पाइल करतो,” तो म्हणाला. “दुपारपर्यंत होईल.”

झालेही असते. पण माणूस पडला सज्जन. कम्पाइल करण्याआधी, म्हणजे प्रोग्राम बांधून तयार करण्याआधी, पर्याय निवडावे लागतात: कुठल्या सोयी आत घ्यायच्या, कुठल्या गाळायच्या. ते गुपचूप निवडायचे सोडून त्याने साहेबांना विचारले. साहेबांनी तत्काळ बैठक बोलावली.

“समजा एखादी सोय आत्ता घेतली नाही आणि नंतर लागली तर?” साहेबांनी मुद्द्याला हात घातला.

“तर पुन्हा पहिल्यापासून कम्पाइल करावं लागेल.”

पहिल्यापासून काही करण्याची वेळ या कार्यालयावर कधी आली नव्हती.

“मग असू दे,” साहेब म्हणाले.

“कुठली सोय, साहेब?”

“सगळ्याच.”

लेखाधिकारी बाईंनी पदश्रेणीनुसार वेग मागितला. शिपायाचे आणि उपसंचालकांचे पान एकाच वेळी उघडणे त्यांना शिस्तीला धरून वाटेना. कोण काय बघतो याची नोंद झालीच पाहिजे, नोंद न होणारे काहीही दारातून जाता कामा नये, असे दक्षता अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटून सांगितले. साहेबांनी त्याला मनापासून पाठिंबा दिला आणि फक्त स्वतःची नोंद होऊ नये एवढी दुरुस्ती सुचवली. मी स्वतःसाठी काहीच मागितले नाही. प्रत्येक पान उघडण्यापूर्वी वरिष्ठांची ऑनलाइन संमती असावी, इतकेच म्हटले.

“यातलं बरंच आपल्याला लागणार नाही,” संगणकवाला काकुळतीला आला. “आणि एवढ्या पर्यायांना जोडसामान लागतं. ते इंटरनेटवरून उतरवावं लागेल.”

“मग उतरवा की.”

“इंटरनेट प्रॉक्सी झाल्यावर चालू होईल.”

“मग प्रॉक्सी करा की!” साहेबांचा आवाज चढला. “साध्या गोष्टी किती अवघड करता हो तुम्ही!”

त्याने जोडसामान बाहेरच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणले. दक्षता अधिकाऱ्यांनी फाटकातच पेनड्राइव्ह जप्त केला आणि आतून विषाणू पसरू नये म्हणून कुलूपबंद कपाटात ठेवला. तो सोडवून सगळे पर्याय घालून प्रॉक्सी उभा राहीपर्यंत गुरुवार मावळला.

शुक्रवारी सकाळी उद्घाटन झाले. प्रॉक्सी पूर्णपणे सुरक्षित निघाला. शिपाई वरिष्ठांची संमती मागे, त्या विनंतीचे पान उघडायला वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांची मागत, आणि असे चढत चढत सगळे साहेबांपाशी पोचे. साहेबांची नोंद होत नसल्यामुळे प्रॉक्सी साहेबांनाच हाकलून देई.

“एक पर्याय काढला तरी चालेल,” संगणकवाला म्हणाला.

यावर मतदान घेतले. प्रत्येकाने दुसऱ्याचा काढायला सांगितला.

तेव्हा त्या सज्जन माणसाने आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काहीतरी केले. जेवणाच्या सुट्टीत सगळे पर्याय गाळून साधा प्रॉक्सी कम्पाइल केला आणि चालू केला. इंटरनेट धो धो वाहू लागले. लेखाधिकारी बाईंनी साड्या बघितल्या, दक्षता अधिकाऱ्यांनी क्रिकेट. त्याने अर्ज भरला. आता साहेबांनी मंजुरीचे एक बटण दाबायचे तेवढे राहिले होते. मी स्वतः त्याच्याबरोबर साहेबांच्या खोलीत गेलो.

“वा! तुम्ही केलंत हे?” साहेब खूश झाले. “एकट्यानं?”

“हो, साहेब. आता सगळं चालतंय. एवढी संमती दिलीत तर...”

साहेबांचे बोट बटणावर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“याला जाऊ दिलं आणि नंतर लागला तर?”

मी नियम आठवू लागलो. आठवेपर्यंत साहेबांनी बोट काढून घेतले होते.

“असू दे,” ते म्हणाले.

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. पलीकडून मुलीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. “आई, काकांचा फोन!”

तुम्हाला आमच्या साहेबांचा राग आला असेल. जरूर येऊ द्या. फक्त त्याआधी घरातला तो खण उघडा, ज्यात कधीच मोडीत गेलेल्या कुठल्यातरी यंत्राची वायर नीट गुंडाळून ठेवली आहे. मागे एकदा टाकायला बाहेर काढली होतीत ना? मग परत ठेवताना काय म्हणालात?